नावांची वही

२०२४ सालच्या श्रावणाच्या अखेरीस आमच्या भिलाईच्या घरी एक नवा नेम सुरू झाला. रात्रीची जेवणे आटोपली, मागचे आवरून झाले, की घरातील आम्ही चारही माणसे बाहेरच्या खोलीत जमत असू आणि एका जपानी चित्रमालिकेचे दोन भाग पाहत असू. मालिका मूळ जपानी भाषेत. खाली इंग्रजी अक्षरे उमटत. ती आमची दहा वर्षांची कन्या मोठ्याने वाची, अडलेल्या शब्दाचा अर्थ आम्ही सांगत असू, आणि ज्यांना जपानीही येत नाही व इंग्रजीही येत नाही त्या आमच्या मातोश्री मात्र आम्हां सर्वांच्या आधी हसत किंवा डोळ्यांना पदर लावीत.

या नेमास निमित्त होते. मालिकेचे नाव ‘नात्सुमे यूजिन्चो’. मराठीत सांगावयाचे तर ‘नात्सुमेची मित्रांची वही’. युकी मिदोरिकावा या लेखिकेच्या २००३ पासून चाललेल्या चित्रकथेवरून ती तयार झाली. तिचे पहिले पर्व २००८ च्या जुलैत जपानी दूरचित्रवाणीवर आले आणि सहावे २०१७ साली. मग मध्ये एक चित्रपट येऊन गेला, पण मालिका म्हणून सात वर्षे सारे सामसूम. सातवे पर्व २०२४ च्या ऑक्टोबरात यावयाचे ठरले, तेव्हा त्यापूर्वी आधीची सहाही पर्वे नजरेखालून घालावीत, असे आम्ही ठरविले. सहा पर्वांचे मिळून भाग ७४. रोज दोन म्हणजे सदतीस रात्री. हा हिशेब आम्ही कार्यालयातील टाचणवहीच्या मागील पानावर मांडला होता, हे येथे कबूल करतो.

चाळिशीकडे झुकलेल्या, केंद्र सरकारच्या सेवेत उच्च श्रेणी लिपिक असलेल्या पदवीधर गृहस्थाने रात्री बसून चित्रांच्या गोष्टी पाहाव्यात, हे काही वाचकांस पोरकट वाटेल. आमच्या शेजाऱ्यांसही तसेच वाटले. सेवानियमांत त्यास मनाई नाही. आम्ही पाहून घेतले आहे. पण खरे उत्तर असे, की या जपानी चित्रांशी आमच्या पिढीचे नाते आजचे नाही, आणि ते जुळविण्यात आमच्या आजीचाही हात होता.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागू लागली. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे. आमचे गाव भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी. गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाजांनी स्वरबद्ध केलेले ते शीर्षकगीत सुरू झाले, की गल्लीतील झाडून सारी पोरे ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्याच्या पडवीत गोळा होत. शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. ती मालिका १९८९ साली जपानात तयार झाली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्हांस ती आमच्याच रानातली वाटे. आणि एका अर्थी ती होतीही. किपलिंगने मोगलीचे जंगल सिवनीच्या डोंगरांत कल्पिले आहे आणि आमची वैनगंगा सिवनी जिल्ह्यातच उगम पावते. गावातील मास्तरांनी हे सांगितल्यापासून आजीस त्या पोराविषयी विशेष माया वाटू लागली. “आपल्याच नदीच्या वरच्या अंगचं लेकरू हाये,” असे ती म्हणे. एका रविवारी तिने मध्येच विचारले, “पण याचं खरं नाव काय असंन रे? मोगली तर लांडग्यानं ठेवलं. मायबापानं बारशाले काही तरी ठेवलंच असंन ना?”

आम्ही पोरे हसलो. पुढे पुष्कळ वर्षांनी किपलिंगचे मूळ पुस्तक हाती आले, तेव्हा गावात आलेल्या मोगलीस मेसुआ आपला वाघाने नेलेला मुलगा समजून ‘नाथू’ अशी हाक मारते, हे वाचावयास मिळाले. आजीस ते सांगावयाचे राहिले. ती १९९८ साली गेली होती. तिचा तो प्रश्न आम्हीही विसरून गेलो होतो. तो पुन्हा आमच्या पुढ्यात कसा आला, तेच येथे सांगावयाचे आहे.

मालिकेची कथा थोडक्यात अशी. नात्सुमे ताकाशी हा पंधरा-सोळा वर्षांचा पोरका मुलगा. इतरांस न दिसणारी भुतेखेते, वनदेवता, पिशाच्चे त्याला दिसतात. जपानी लोक त्यांस ‘योकाई’ म्हणतात. आईबाप लहानपणीच गेलेले. दूरच्या आप्तांकडे या घरून त्या घरी असे त्याचे बालपण जाते. जेथे जावे तेथे ‘खोटे बोलणारा पोर’ म्हणून त्याची संभावना होते. शेवटी फुजिवारा नावाचे एक निपुत्रिक, प्रेमळ दांपत्य त्यास आपल्या खेडेगावातील घरी आणते. तेथे त्याच्या हाती दिवंगत आजीची, रेइकोची, एक वही लागते. या आजीसही योकाई दिसत. माणसांत तिला कोणी जवळ केले नाही, म्हणून ती रानात जाऊन त्यांच्याशी पैजा लावी, त्यांस हरवी आणि हरलेल्याकडून त्याचे नाव कागदावर लिहून घेई. त्या कागदांची झालेली ही वही. ज्याचे नाव वहीत, तो वहीच्या मालकाच्या आज्ञेत. नातू मात्र ठरवितो, की ही नावे ज्याची त्यास परत करावयाची. तो वही उघडतो, पान आपोआप उभे राहते, ते ओठांत धरून तो हात जोडतो आणि श्वास सोडतो. अक्षरे कागदावरून उठून मालकाकडे जातात आणि जाताना त्या जीवाच्या रेइकोविषयीच्या आठवणी मुलाला दाखवून जातात.

सोबतीला एक मांजर आहे. न्यान्को-सेन्सेई असे त्याचे नाव. रूप दुकानात ठेवावयाच्या शुभसूचक मातीच्या मांजराचे, आत मोठा बलाढ्य योकाई. तो मुलाचे रक्षण करतो. मोबदला इतकाच, की मुलगा मेल्यावर वही त्याला मिळावी. गोड पदार्थ आणि मद्य यांवर त्याचा जीव. तोंडाने सदैव कुरकुर आणि वेळ पडली की सर्वांच्या पुढे. आमच्या मातोश्री या मालिकेस ‘मांजराची गोष्ट’ म्हणत आणि मांजर दिसले नाही तर तो भाग फुकट गेला असे मानीत.

ही मालिका आम्ही प्रथम पाहिली ती २०१२ साली, गुवाहाटीस. आमची पहिली नेमणूक ती. वय पंचवीस, घर सुमारे दोन हजार किलोमीटरांवर आणि खोलीत एक खाट व एक टेबल. शेजारच्या खोलीतील एका बंगाली मित्राने आपल्या संगणकावर एका पावसाळी रात्री पहिला भाग दाखविला आणि आम्ही अडकलो. तेव्हा आमच्या मनास भिडला तो या घरून त्या घरी जाणारा मुलगा. नवे घर, नवी शाळा, आपली गाठोडी कोणाच्या तरी कोपऱ्यात ठेवायची आणि त्या घरच्या रीती हळूहळू शिकायच्या. कोणत्या भांड्यास हात लावावा, कोणत्या खुर्चीवर बसू नये, हे कोणी न सांगता ओळखावयाचे. बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्या वाचकांस याचा अधिक विस्तार करून सांगावयास नको. फुजिवारा बाई त्या मुलासाठी रोज डबा करून देते, एवढ्यानेच आमचे डोळे भरून येत. कारण त्या काळी आमचा डबा खाणावळीतून येत असे.

बारा वर्षांनी भिलाईत तीच मालिका पुन्हा पाहताना मात्र आमचे लक्ष त्या मुलावरून उठून वहीकडे गेले.

यास आमचा व्यवसायही कारण असेल. आमचा जन्म नोंदवह्यांत गेला. आवक-जावक नोंदवही, हजेरीपट, सेवापुस्तिका! आता पुष्कळसे काम संगणकावर गेले, तरी नोंद ती नोंद. नावात एका वेलांटीचा फरक पडला तर माणसाचे निवृत्तिवेतन अडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे पहिल्याच भागात रेइको आपणास कधी तरी बोलावील म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहत राहिलेली ती हिशिगाकी आली, तेव्हा आम्हांस वाटले, की हे तर प्रलंबित प्रकरण! नाव नोंदवून घेतले, पण पुढे कार्यवाही झाली नाही. रेइको वाईट नव्हती. तिने नावे घेतली ती एकटेपणापोटी, आणि मग ती त्या नावांना हाक मारावयास परत गेलीच नाही.

दुसऱ्या भागात एक लहानसा ग्रामदेव येतो. एके काळी त्याची पूजा साऱ्या गावात होत असे, तेव्हा तो माणसाएवढा होता. भक्त कमी झाले तसा तो लहान होत गेला आणि आता वितीएवढा उरला आहे. त्याच्या देवळीपाशी नैवेद्य ठेवणारी एकच म्हातारी शिल्लक आहे. ती मरते आणि तिच्याबरोबर तोही मावळतो. गुवाहाटीस असताना हा भाग आम्ही गोड गोष्ट म्हणून पाहिला होता. भिलाईस तो पाहून झाल्यावर मातोश्री म्हणाल्या, “आपल्या शेतातल्या देवाला आता कोण दिवा लावत असेल रे?” आम्ही उत्तर दिले नाही. कोणी लावीत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

तेवढ्यात पितृपक्ष आला. वडिलांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. त्यांची तिथी पंचमी. ती त्या वर्षी २२ सप्टेंबरास, रविवारी पडली. दुर्गला शिवनाथ नदीच्या काठी गुरुजींनी सर्व मांडले. वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव आम्ही घडाघडा सांगितले. मग गुरुजींनी आजीचे नाव विचारले, तेही सांगितले. पणजीचे विचारले, आम्ही गप्प. अशा वेळी काय म्हणावयाचे याची सोय शास्त्रात आहे असे सांगून गुरुजी पुढे गेले. त्यांना हे रोजचेच असावे.

कन्या मागे उभी होती. परतताना रिक्षात तिने विचारले, “बाबा, तुमच्या आजीचे जे नाव सांगितले ते लग्नातले ना?”

“हो.”

“मग आधीचे काय?”

आम्हांस ते माहीत नव्हते. आईस विचारले. आई म्हणाली, “सासूबाईंचे माहेरचे नाव सुनेला कोण सांगणार? आम्ही तर त्यांचे सासरचेही नाव तोंडाने घेतले नाही.”

आमच्या भाषेत नावाचा संसार केवढा मोठा! मुलगा चांगला निघाला तर तो कुळाचे नाव काढतो. वाईट निघाला तर बुडवितो. लोक नावे ठेवतात, आपण एखाद्याचे नाव टाकतो, आणि पुन्हा तसे केले तर स्वतःचेच नाव लावणार नाही म्हणून शपथा घेतो. नववधूने ‘नाव घेतले’ की सारे मांडव भरून हसतात; पण ती घेते ते नवऱ्याचे. त्याच मांडवात थोड्या वेळापूर्वी तिचे स्वतःचे नाव घेतले गेलेले असते. तांदळाने भरलेले ताट पुढे येते, नवरा अंगठीने त्यात चार अक्षरे कोरतो, पेढे वाटले जातात, आणि वीस-पंचवीस वर्षे ज्या हाकेला ‘ओ’ दिली ती हाक घरात उरत नाही. रेइकोला नाव मिळविण्यासाठी निदान पैज जिंकावी लागे.

नद्यांचेही असेच आहे. वर्धा आणि वैनगंगा एकमेकींस भेटतात आणि दोघींचीही नावे तेथे संपतात. पुढे गोदावरीपर्यंत जाते ती प्राणहिता. पण भूगोलाच्या पुस्तकात निदान दोघींची मूळ नावे छापलेली असतात.

आमच्या आजीचे नाव कोठे छापलेले नव्हते. गावच्या घरी एक लोखंडी पेटी होती. तीत जुन्या पत्रिका, सातबाऱ्याचे उतारे, आजोबांच्या हातची एक चोपडी असे काही-बाही असे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडाऱ्यात पाणी शिरले, काठची गावे बुडाली. आमच्या घरात छातीभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा आत कागदांचा लगदा होता. पुढे एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो. नात्सुमेच्या मालिकेतील गाव ज्यावरून रेखाटले, ते क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतातील हितोयोशी, तेही नदीकाठचे. त्याच २०२० च्या जुलैत कुमा नदीच्या पुराने ते बुडाले होते. पडद्यावरच्या त्या शांत पुलांकडे आणि देवळांकडे पाहताना आता आम्हांस पाण्याची खूण दिसू लागली. वही पुरात गेली तर नावे परत कशी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्या मालिकेत नाही.

एकच माणूस उरले होते. आमची आत्या. वय चौऱ्यांशी, नागपुरास मुलाकडे असते. दूरध्वनी केला तर तिने आम्हांस आमचे वडील समजून बराच वेळ शेतीची विचारपूस केली. आतेभाऊ म्हणाला, “हल्ली असेच आहे. सकाळची आठवत नाही, पन्नास वर्षांपूर्वीची एकदम आठवते. पण विचारून आठवत नाही.”

शनिवार, २८ सप्टेंबरास आम्ही दुर्गहून गाडी धरली. राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया. गोंदियाच्या पुढे वैनगंगेचा पूल लागला. पात्र भरून वाहत होते. १९५६ पर्यंत दुर्ग आणि भंडारा हे एकाच प्रांतातले दोन जिल्हे होते आणि दोघांची राजधानी नागपूर. पुढे या भागाचे प्रथम मध्यप्रदेश आणि २००० साली छत्तीसगड झाले. ज्या गाडीने आम्ही ‘परप्रांतातून घरी’ चाललो होतो, त्याच रुळांवरून आमचे आजोबा आपल्याच प्रांतात फिरत. नावे बदलण्याची हौस काही लग्नमांडवापुरतीच नाही, असे मनात येऊन गेले.

आत्या खिडकीपाशी बसली होती. ओळखले. “काहून रे, येवढ्या दुरून आला? सुट्टी हाये का?” चहा झाला. आम्ही विचारले, “आत्या, आजीचे माहेरचे नाव काय गं?” तिने आजीचे लग्नातले नाव सांगितले. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती कावरीबावरी झाली आणि पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. आतेभावजय आमच्याकडे पाहू लागली. आम्हांस आपल्या त्या तपासणीची लाज वाटली. कार्यालयात पुरावा मागावा तसे आम्ही त्या थकलेल्या जिवास विचारीत होतो.

मग तो विषयच सोडला आणि इकडचे तिकडचे बोलत बसलो. दिवाळी पुढच्या महिन्यात आहे, भाऊबीजेस कोण कोण येणार, असे भावजय काही म्हणाली. आत्या एकदम म्हणाली, “मामा येत होता भाऊबीजेले. बैलगाडीनं. नदी पार करून.” आम्ही हळूच विचारले, “मग आल्या आल्या काय म्हणायचा?”

आत्याने मान वर केली. अंगणात उभ्या असलेल्या माणसाने घरातल्या माणसाला मारावी तशी, ठणठणीत आवाजात तिने एक हाक मारली. तीन अक्षरे होती. मग ती स्वतःच हसली आणि म्हणाली, “माय चुलीपासून पळत जाये. वर्षातून एकच दिवस ते नाव आमच्या घरी येत होतं. मामा मेला, मंग नाही आलं.”

त्या रात्री गाडीत आम्ही ते नाव मोबाइलमध्ये नोंदवून ठेवले नाही. प्रत्येक स्थानकावर ते मनात म्हणून पाहत होतो. भिलाई जवळ आली. कारखान्याच्या बाजूच्या आकाशावर तांबूस उजेड होता. ज्या कारखान्यात २६० मीटर लांबीचे रूळ तयार होतात आणि साऱ्या देशभर जातात, त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या या नगरात देशाच्या सर्व प्रांतांतली माणसे राहतात. कोणाच्या आजीचे नाव कोठे राहिले असेल, याचा विचार त्या उजेडाकडे पाहताना प्रथमच आला.

पण ही गोष्ट येथे संपली असती तर आम्ही लिहिली नसती. आजीचे नाव शोधणे सोपे होते. ते आम्ही घेतले नव्हते.

घरी येऊन आम्ही सारी हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली. आई रडली, कन्या नाचली. सौभाग्यवती शांतपणे ऐकत होत्या. मग एवढेच म्हणाल्या, “छान झाले. आजींना मिळाले.”

त्या ‘आजींना’ या शब्दावरचा जोर आम्हांस रात्री झोपताना उमगला. २०१३ साली तांदळाच्या ताटात आम्हीही अंगठीने एक नाव कोरले होते. ते आम्हीच निवडलेले. कोठल्याशा कादंबरीतले, फार काव्यमय. त्यांना विचारले नव्हते. लगेच सेवापुस्तिकेतील कुटुंबाच्या तपशिलात आम्ही ते नाव लिहविले. लिपिकाला असल्या कामाची भारी तत्परता. त्यांची पदवी आणि अध्यापन-पदविका जुन्या नावाची. पुढे एका शाळेत त्यांना जागा मिळण्याजोगी होती. कागद तपासताना दोन नावे आढळली, प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले, ते येईपर्यंत जागा भरली गेली. त्या संध्याकाळी आम्ही ‘तुमची दोन-दोन माणसे आहेत, एकीला तरी द्यायची होती’ असा विनोद केला होता. त्या हसल्या होत्या. तो विनोद आता अंधारात आमच्याकडे टक लावून पाहू लागला.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही विचारले, “तुम्हांला कोणते नाव हवे आहे?” हा प्रश्न विचारावयास आम्हांस अकरा वर्षे लागली.

त्यांनी कप खाली ठेवला. “अहो, मनातले कुठे गेले होते? आई अजून त्याच नावाने हाक मारते. पण कागदावरचे परत मिळाले तर बरे होईल. मुलीला तरी एकच आई असेल.”

आता जपानी मुलगा पान ओठांत धरतो आणि श्वास सोडतो. केंद्र सरकारच्या लिपिकास अर्ज करावा लागतो. आम्ही तो केला. सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. नामनिर्देशनाचे प्रपत्रही नव्याने भरले. जावक क्रमांक आम्हीच टाकला. आजवर हजारो कागदांवर टाकला असेल. त्या दिवशी हात जरा जपून चालला. सहकाऱ्यांनी विचारले, “आता इतक्या वर्षांनी काय नडले होते?” खरे उत्तर फार लांब होते, म्हणून ‘नोंदीत दुरुस्ती’ एवढेच सांगितले. कार्यालयात ते पुरते.

२ ऑक्टोबरास, सर्वपित्री अमावास्येस, आम्ही पुन्हा शिवनाथेवर गेलो. गुरुजींना विचारले, की आजीचे माहेरचे नावही घ्यावे काय? त्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, “विधीत सासरचेच. पण पाणी सोडताना मनात काय म्हणायचे, त्यावर कोणाचा अंमल आहे?” ओंजळीतले पाणी सोडताना आम्ही ती तीन अक्षरे उच्चारली. मनात नव्हे, तोंडानेच. मामाने अंगणातून हाक मारावी तशी नसली, तरी ऐकू जाईल इतक्या आवाजात. शिवनाथ महानदीला मिळते आणि वैनगंगा गोदावरीला. दोन्हींचे पाणी शेवटी एकाच समुद्रात जाते. पोहोचले असेल.

ते नाव येथे लिहीत नाही, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. नाव परत केले, की ते पान वहीत उरत नाही. मालिकेतील हा नियम आम्हांस पटला आहे.

पुढच्या आठवड्यात सातवे पर्व सुरू झाले. नवा भाग पाहावयास आम्ही चौघेही बसलो. मांजर पहिल्यापेक्षा किंचित अधिकच लठ्ठ दिसते, असे मातोश्रींचे मत पडले. भाग संपल्यावर कन्या त्यांच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, “आजी, बाबांच्या आजीचे नाव कळले, आईचेही कळले. तुझे लग्नाआधीचे नाव काय होते?”

आम्ही दचकलो. आईस माहेरी सारे ‘बाई’ म्हणत, मामाही तसेच. अडीचशे किलोमीटर जाऊन आम्ही एक नाव शोधून आणले होते आणि रोज सकाळी जी हातात चहा देते तिला कधी विचारले नव्हते.

मातोश्रींनी नातीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि खाली वाकून तिच्या कानात काही तरी सांगितले. दोघी खुदखुदून हसल्या. आम्ही विचारले, तेव्हा कन्या म्हणाली, “बाबा, आजी म्हणते, इतक्यात नाही सांगायचे. आधी वाट पाहा थोडी.”

आम्ही वाट पाहत आहोत. तक्रार करण्यास जागा नाही. आजवर वाट त्यांनीच पाहिली.